ईआरपीत काम करताना 'सेशन संपले' असे का येते, आणि तेव्हा काय करावे?

मार्चचा शेवटचा आठवडा. वर्धा जिल्ह्यातल्या एखाद्या विविध कार्यकारी सेवा सहकारी संस्थेचे, म्हणजे गावच्या बोलीत 'सोसायटी'चे कार्यालय. टेबलासमोर पीककर्जाच्या परतफेडीचे पैसे घेऊन कास्तकार उभा आहे. गटसचिव संगणकावर त्याचे खाते उघडतो, मुद्दल आणि व्याज वेगवेगळे टाकतो. तेवढ्यात दुसरा सभासद कमाल मर्यादा पत्रकातली चूक दाखवायला येतो आणि पंधरा-वीस मिनिटे त्यात जातात. मग गटसचिव परत संगणकाकडे वळून 'जतन करा' दाबतो, तर पडद्यावर एकच ओळ येते: 'आपले सेशन संपले आहे, कृपया पुन्हा लॉगिन करा.'

नोंद झाली की नाही? पैसे तर हातात आले. पावती द्यायची की थांबायला सांगायचे? पीककर्ज वेळेत फेडणाऱ्याला केंद्राची व्याज सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत मिळते. त्यामुळे खात्यावर परतफेडीची तारीख कोणती पडते, यावर त्या माणसाचे खरे पैसे अवलंबून असतात. याच कारणाने सेशनचा हा संदेश नीट समजून घ्यायला हवा.

सोसायटीत ईआरपी कुठून आले?

ईआरपी म्हणजे संस्थेचा हिशेब, कर्ज, साठा, पगार, खरेदी-विक्री या सगळ्यांची एकाच ठिकाणी नोंद ठेवणारे सॉफ्टवेअर. मोठ्या कारखान्यांत ते अनेक वर्षांपासून आहे. गावपातळीवरच्या सोसायट्यांत ते आले केंद्र सरकारच्या प्राथमिक कृषी पतसंस्था संगणकीकरण प्रकल्पातून. केंद्रीय मंत्रिमंडळाने २९ जून २०२२ रोजी त्याला मान्यता दिली. त्या वेळी ६३,००० संस्था आणि २,५१६ कोटी रुपये असा आकडा होता. अंमलबजावणी नाबार्डकडे आहे. देशभर एकच सामाईक सॉफ्टवेअर, माहिती क्लाउडवर, आणि संस्थेला संगणक, प्रिंटर, बोटांचे ठसे घेणारे यंत्र आणि व्हीपीएन, असा त्याचा साचा आहे.

याचा अर्थ असा की रोजकीर्द आणि खतावणी आता कपाटात नाही, दूरच्या सर्व्हरवर आहे. गटसचिवाच्या टेबलावरचा संगणक ही फक्त एक खिडकी. खिडकी आणि सर्व्हर यांच्यात जी ओळख टिकून राहते, तिला सेशन म्हणतात.

वर्धा जिल्ह्यात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. २०१४ मध्ये केंद्राने परवाना नसलेल्या २३ जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांच्या पुनरुज्जीवनाची योजना मंजूर केली, त्यात महाराष्ट्रातल्या तीन होत्या: नागपूर, बुलडाणा आणि वर्धा. ठेवीदारांनी त्या काळात काय सोसले ते जिल्ह्याला आठवते. अशा भागात 'पैसे दिले, पण नोंद दिसत नाही' हे वाक्य दुसऱ्या कुठल्याही जिल्ह्यापेक्षा जास्त टोचते.

सेशन म्हणजे नेमके काय?

ब्राउझर आणि सर्व्हर ज्या पद्धतीने बोलतात, त्या पद्धतीला स्मरणशक्ती नसते. प्रत्येक क्लिक सर्व्हरच्या दृष्टीने नव्या अनोळखी माणसाकडून येते. म्हणून लॉगिन झाल्यावर सर्व्हर एक लांबलचक सांकेतिक क्रमांक तयार करतो, स्वतःकडे लिहून ठेवतो आणि ब्राउझरला देतो. ब्राउझर तो 'कुकी' नावाच्या छोट्या चिठ्ठीत ठेवतो आणि पुढच्या प्रत्येक विनंतीसोबत दाखवतो. बँकेत पूर्वी खिडकीवर पितळी बिल्ला मिळायचा, तसाच हा प्रकार. बिल्ला दाखवला की तुमचे काम पुढे सरकते, आणि बिल्ला रद्द झाला की रांगेत पुन्हा पहिल्यापासून उभे राहावे लागते.

बिल्ला दोन प्रकारे मुदतबाह्य होतो. पहिला प्रकार निष्क्रियतेचा: ठरावीक मिनिटे काहीच विनंती आली नाही तर सर्व्हर सेशन बंद करतो. दुसरा एकूण मुदतीचा: तुम्ही सतत काम करत असलात तरी, समजा आठ किंवा बारा तासांनी, पुन्हा पासवर्ड मागितला जातो. सकाळी दहाला लॉगिन करणाऱ्यांना संध्याकाळी सगळ्यांनाच एका वेळी बाहेर फेकले जाते, तेव्हा बहुतेक वेळा हा दुसरा प्रकार असतो.

'मी तर टाइप करत होतो!'

सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहे. निष्क्रियता म्हणजे माणूस रिकामा बसला असे वापरणाऱ्याला वाटते. सर्व्हरच्या हिशेबात निष्क्रियता म्हणजे त्याच्याकडे विनंती आली नाही. कीबोर्डवरची प्रत्येक कळ सर्व्हरपर्यंत पोहोचत नाही. रकाने भरणे, माउस हलवणे, पान वर-खाली सरकवणे हे सगळे संगणकातल्या संगणकात चालते. सर्व्हरला काही कळते ते 'जतन करा', 'शोधा', 'पुढे' असे बटण दाबल्यावरच.

आता कमाल मर्यादा पत्रकाचा विचार करा. एकेका सभासदाचा गट क्रमांक, क्षेत्र, पीक, हेक्टरी दर, आधीची थकबाकी, भाग रक्कम. सातबारा आणि आठ-अ समोर ठेवून, मराठीत टाइप करत, तपासत तपासत हे भरायला अर्धा तास सहज लागतो. त्या अर्ध्या तासात गटसचिव घामाघूम होतो आणि सर्व्हरला मात्र वाटते की तिकडे कोणीच नाही. मुदत वीस मिनिटांची असेल, तर एकविसाव्या मिनिटाला सेशन गेलेले असते. पडद्यावर काही बदललेले दिसत नाही, कारण पान जुनेच उघडे असते. बातमी कळते ती 'जतन करा' दाबल्यावर.

माउस आपोआप हलवणारी छोटी यंत्रे आणि प्रोग्रॅम बाजारात मिळतात. ती संगणकाचा पडदा झोपू देत नाहीत, हे खरे. पण सर्व्हरला विनंती जात नसल्याने सेशनवर त्यांचा सहसा काहीच परिणाम होत नाही.

दिसते टाइमआउट, असते वेगळेच

तक्रारींचा मोठा भाग असा असतो की मुदत संपलेलीच नसते. सेशन मधेच तुटलेले असते आणि सॉफ्टवेअर त्यालाही तोच संदेश देते.

व्हीपीएन तुटणे हे यातले नेहमीचे कारण. वीज गेली, राउटर बंद पडला, इन्व्हर्टरवर परत सुरू झाला, मध्ये दोन मिनिटे गेली. व्हीपीएन पुन्हा जोडला जातो, पण काही वेळा संगणकाला नवा पत्ता, म्हणजे आयपी ॲड्रेस, मिळतो. सुरक्षेसाठी सेशन आयपी ॲड्रेसशी बांधलेले असेल, तर सर्व्हरला तोच बिल्ला दुसऱ्याच्या हातात दिसतो आणि तो बिल्ला रद्द करतो. ब्रॉडबँड गेले म्हणून मोबाइलच्या हॉटस्पॉटवर जाणाऱ्यांनाही हाच अनुभव येतो. नेट बदलले की पत्ता बदलतो.

दुसरे कारण थोडे गमतीचे वाटेल: संगणकाचे घड्याळ. जुन्या संगणकाच्या मदरबोर्डवर नाण्याएवढी बॅटरी असते. ती संपली की वीज गेल्यावर तारीख काही वर्षे मागे जाते. तारीख फार चुकली असेल तर ब्राउझर सुरक्षित संकेतस्थळ उघडूच देत नाही. थोडीच चुकली असेल तर पान उघडते, पण घड्याळ बघून मुदत ठरवणारी सॉफ्टवेअरे लॉगिन झाल्या झाल्या बाहेर काढतात. एकाच संगणकावर त्रास होतो आणि शेजारच्यावर नाही, असे असेल तर आधी खालच्या कोपऱ्यातली तारीख आणि वेळ पाहावी. उपाय किरकोळ रकमेचा आहे: बॅटरी बदलणे आणि विंडोजमध्ये वेळ आपोआप जुळवण्याचा पर्याय चालू ठेवणे.

तिसरे कारण ब्राउझर स्वतः. क्रोममध्ये मेमरी वाचवण्याची सोय आहे. बराच वेळ न पाहिलेला टॅब ती झोपवते, आणि त्यावर परत गेले की पान नव्याने उघडते. अर्धवट भरलेला फॉर्म त्यात जाऊ शकतो. कामाच्या संकेतस्थळाला या सोयीतून वगळता येते. 'बंद करताना कुकी पुसा' हा पर्याय किंवा एखादे सफाई करणारे सॉफ्टवेअरही बिल्ला पुसून टाकते.

दोन संस्था, दोन टॅब

हा प्रकार वेगळा सांगायला हवा, कारण यात नुसते काम वाया जात नाही, चुकीच्या संस्थेत नोंद पडू शकते.

एकाच गटसचिवाकडे दोन-तीन सोसायट्यांचा कारभार असणे विदर्भात नवीन नाही. घाईच्या दिवसांत तो एका टॅबमध्ये पहिल्या संस्थेचे लॉगिन करतो आणि दुसऱ्या टॅबमध्ये दुसऱ्या संस्थेचे. त्याला वाटते, दोन टॅब म्हणजे दोन टेबले. पण एका ब्राउझरमधले सगळे टॅब एकाच डब्यातली कुकी वापरतात. दुसरे लॉगिन झाले की दुसऱ्याचा बिल्ला पहिल्याच्या जागी बसतो. आता पहिल्या टॅबमध्ये नाव पहिल्या संस्थेचे दिसत असले तरी तिथून जाणारी विनंती दुसऱ्या संस्थेचा बिल्ला घेऊन जाते. चांगले सॉफ्टवेअर हा घोळ ओळखून सेशन बंद करते. तसे झाले तर नशीब समजावे, कारण कच्चे सॉफ्टवेअर नोंद स्वीकारून मोकळे होते. एका टॅबमध्ये 'बाहेर पडा' दाबले की दुसऱ्यातलेही सेशन संपते, तेही याच कारणाने.

यावर सोपा मार्ग आहे. क्रोम किंवा एजमध्ये प्रत्येक संस्थेसाठी वेगळे प्रोफाइल तयार करावे, त्याला संस्थेचे नाव आणि वेगळा रंग द्यावा. प्रोफाइल वेगळे म्हणजे कुकीचा डबाही वेगळा. एका संस्थेसाठी क्रोम आणि दुसरीसाठी फायरफॉक्स असेही चालते. मात्र सॉफ्टवेअरने एका वापरकर्त्याला एका वेळी एकच सेशन असा नियम ठेवला असेल आणि दोन्ही संस्थांचा वापरकर्ता एकच असेल, तर एक संस्था बंद करूनच दुसरी उघडावी लागेल.

कारण शोधायचे कसे?

तक्रार करण्याआधी चार दिवस एक वही ठेवावी. प्रत्येक वेळी बाहेर फेकले गेल्यावर इतकेच लिहायचे: घड्याळातली वेळ, कुठला स्क्रीन उघडा होता, शेवटचे बटण दाबून किती मिनिटे झाली, नेट कुठले होते, आणि दुसऱ्या कोणाला त्याच वेळी त्रास झाला का. मदत कक्षाशी तासभर फोनवर बोलून जे कळत नाही, ते या वहीच्या एका पानातून कळते.

शेवटच्या क्लिकनंतर दर वेळी साधारण तेवढीच मिनिटे भरत असतील, तर निष्क्रियतेची मुदत. रोज घड्याळात ठरावीक वेळी आणि सगळ्यांनाच होत असेल, तर सर्व्हरवरचे काम, एकूण मुदत किंवा दिवसअखेरची प्रक्रिया. काहीच मेळ लागत नसेल, कधी दोन मिनिटांत आणि कधी तासाने, तर नेट किंवा व्हीपीएन. एकाच संगणकावर असेल तर घड्याळ, ब्राउझर, अँटिव्हायरस.

मग एक साधी परीक्षा. लॉगिन करून मुख्य पान उघडे ठेवावे, हात लावू नये आणि दर वेळी नव्याने लॉगिन करून १०, १५, २०, ३० मिनिटांनी एखादा मेनू दाबून पाहावा. कितव्या परीक्षेत सेशन गेले ते कळले की मुदतीचा अंदाज येतो. दुसऱ्या दिवशी दर पाच मिनिटांनी एक क्लिक करत तेवढाच वेळ काढावा. तरीही बाहेर फेकले गेले, तर निष्क्रियतेला दोष देता येणार नाही. तिसरी परीक्षा नेट बदलून, दुसऱ्या संगणकावर.

सर्व्हरच्या बाजूला काय असते?

सोसायटीच्या पातळीवर मुदत बदलता येत नाही. सामाईक सॉफ्टवेअरमध्ये ती मध्यवर्ती ठिकाणी ठरते. पण ज्यांची स्वतःची व्यवस्था आहे, उदाहरणार्थ जिनिंग-प्रेसिंग कारखाने, पतसंस्था, महाविद्यालये, त्यांच्या संगणक विभागाला हे पाहता येते.

मुदत एकाच ठिकाणी लिहिलेली नसते, आणि गोंधळ नेमका त्यामुळे होतो. ईआरपीच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये एक आकडा असतो, तो ज्या सर्व्हरवर चालतो तिथे दुसरा, आणि त्यापुढे उभ्या असलेल्या प्रॉक्सीत किंवा लोड बॅलन्सरमध्ये तिसरा. यातला जो सगळ्यात लहान, तोच लागू पडतो. टॉमकॅट या जावा सर्व्हरची मूळ मुदत ३० मिनिटे असते, मायक्रोसॉफ्टच्या एएसपी डॉट नेटची २० मिनिटे. पीएचपीत मूळ आकडा १,४४० सेकंदांचा, म्हणजे २४ मिनिटांचा आहे. ईआरपीत दोन तास लिहूनही माणसे विसाव्या मिनिटाला बाहेर पडत असतील, तर खालचा थर तपासायचा.

सॅपमध्ये डेस्कटॉप खिडकीसाठी 'जीयूआय ऑटो लॉगआउट' हा पॅरामीटर असतो. त्याचा आकडा सेकंदांत लिहायचा, आणि ० म्हणजे आपोआप बाहेर काढणे बंद. तिथे मिनिटे समजून ३० लिहिले तर काय होईल, हे सांगायला नको. ओरॅकलच्या ई-बिझनेस स्वीटमध्ये निष्क्रियतेची मुदत मिनिटांत आणि एकूण मुदत तासांत, अशा दोन वेगळ्या प्रोफाइल असतात. एकूण मुदतीचा मूळ आकडा ४ तासांचा आहे. निष्क्रियतेची मुदत कितीही वाढवली तरी चार तासांनी बाहेर पडणारे कर्मचारी दिसले, तर उत्तर तिथे सापडते. मुंबईत तयार झालेल्या ईआरपीनेक्स्टमध्ये ही मुदत सिस्टीम सेटिंग्जमध्ये तास आणि मिनिटांत लिहितात. जुन्या आवृत्त्यांत ती मुळात सहा तासांची असे.

विंडोज सर्व्हरवर एक खास कोडे सापडते. तिथला आयआयएस ॲप्लिकेशन पूल मुळात दर १,७४० मिनिटांनी, म्हणजे २९ तासांनी, स्वतःला नव्याने सुरू करतो. सेशन त्याच्या मेमरीत ठेवलेली असतील तर त्या क्षणी सगळी पुसली जातात. आज सकाळी दहाला झाले, तर उद्या दुपारी तीनला, परवा रात्री आठला. वेळ दर वेळी पाच तासांनी पुढे सरकते, म्हणून कोणालाच मेळ लागत नाही. वहीत वेळा लिहिलेल्या असल्या की लगेच लक्षात येते. कामाचे तास टाळून रात्रीची ठरावीक वेळ देणे, किंवा सेशन डेटाबेसमध्ये ठेवणे, हा त्यावर उपाय.

एकापेक्षा जास्त सर्व्हर असतील तर आणखी एक शक्यता राहते. लोड बॅलन्सर तुमची एक विनंती पहिल्या सर्व्हरला देतो, दुसरी दुसऱ्याला. तुमचा बिल्ला पहिल्याच्याच वहीत असेल तर दुसरा तुम्हाला ओळखत नाही. अशा वेळी लॉगिन केल्यावर एक पान उघडते, दुसऱ्याला बाहेर, पुन्हा लॉगिन, पुन्हा तेच. वापरणारा एका सर्व्हरला बांधून ठेवणे किंवा सगळ्या सर्व्हरना सामाईक सेशन वही देणे, असे दोन मार्ग आहेत.

वर्षअखेरचा मोठा अहवाल मागितला की दर वेळी साठ सेकंदांनी चूक येते, यालाही लोक सेशन टाइमआउटच म्हणतात. तो प्रकार वेगळा. एनजिनएक्स या प्रॉक्सीत उत्तराची वाट पाहण्याची मूळ मुदत ६० सेकंद असते. त्यानंतर ती ५०४ क्रमांकाची चूक दाखवते. तिथे सेशनची मुदत वाढवून काहीही साधत नाही. अहवाल हलका करावा लागतो, किंवा तो पाठीमागे तयार होऊन नंतर डाउनलोड व्हावा अशी सोय करावी लागते.

हिंगणघाटच्या कापसाच्या गाठी आणि सहा तासांचे टोकन

हिंगणघाट ही कापसाची मोठी बाजारपेठ. जिनिंग कारखाने ईआरपीतूनच ई-इन्व्हॉइस काढतात. १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटी रुपयांवर वार्षिक उलाढाल असलेल्या व्यवसायांना व्यापारी-व्यापारी व्यवहारांसाठी ते बंधनकारक आहे. इथे दोन सेशन एकात एक असतात. कारकुनाचे ईआरपीत एक, आणि ईआरपीचे सरकारी ई-इन्व्हॉइस प्रणालीत दुसरे. या दुसऱ्याचे टोकन ३६० मिनिटे, म्हणजे सहा तास चालते.

लक्षण असे दिसते: सकाळी दहाला बिले व्यवस्थित निघतात, चारनंतर 'टोकन अवैध' येऊ लागते आणि गाठी भरलेला ट्रक फाटकावर उभा राहतो. कारकून ईआरपीतून बाहेर पडून परत आत येतो, पण त्याच्या सेशनचा याच्याशी संबंधच नसल्याने उपयोग होत नाही. ईआरपीने मुदत संपण्याआधी स्वतःहून नवे टोकन मागायला हवे, आणि ही दुरुस्ती सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याने करायची असते. तोपर्यंत हाती एकच उपाय उरतो, जोडणीच्या पानावर जाऊन टोकन नव्याने घेणे.

मग मुदत सरळ आठ तास का करत नाहीत?

मागणी स्वाभाविक आहे. पण सोसायटीचे कार्यालय म्हणजे चावडीच असते. दार उघडे, चार माणसे बसलेली, गटसचिव चहाला टपरीवर गेलेला आणि पडद्यावर लॉगिन चालू. त्या दहा मिनिटांत केलेली प्रत्येक नोंद त्याच्याच नावावर पडते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ८८ खाली संस्थेच्या नुकसानीची जबाबदारी निश्चित करण्याची कारवाई होऊ शकते. तेव्हा 'मी जागेवर नव्हतो' हे सिद्ध करणे फार अवघड, कारण प्रणालीतली नोंद फक्त लॉगिनचे नाव सांगते.

अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत मध्यम सुरक्षा पातळीसाठी ३० मिनिटांची निष्क्रियता आणि १२ तासांची एकूण मुदत, तर सर्वोच्च पातळीसाठी १५ मिनिटे आणि १२ तास असे आकडे दिले होते. कार्डांच्या व्यवहारांसाठीचे पीसीआय मानकही १५ मिनिटांनंतर पुन्हा ओळख मागते. पैशांचे काम चालते तिथे १५ ते ३० मिनिटे हा आकडा अवाजवी नाही.

पण खरा प्रश्न मुदतीच्या लांबीपेक्षा ती संपताना सॉफ्टवेअर कसे वागते, हा आहे. वेब सुलभतेच्या डब्ल्यूसीएजी या आंतरराष्ट्रीय मानकात यावर एक मार्ग दिला आहे: मुदत संपण्याआधी इशारा द्यावा, एका साध्या कृतीने ती वाढवायला किमान २० सेकंद द्यावेत आणि असे किमान दहा वेळा करू द्यावे. त्याच मानकाची सर्वोच्च पातळी सांगते की पुन्हा लॉगिन केल्यावर भरलेली माहिती हरवता कामा नये. मसुदा दर मिनिटाला आपोआप जतन होत असेल आणि लॉगिननंतर माणूस त्याच पानावर परत येत असेल, तर पंधरा मिनिटांची मुदतही कोणाला जाचत नाही. तक्रार करताना 'मुदत वाढवा' ऐवजी 'इशारा द्या आणि मसुदा जपा' अशी मागणी केली, तर ती मान्य होण्याची शक्यता जास्त.

सेशन गेलेच, तर त्या क्षणी काय करायचे?

रिफ्रेश किंवा मागे जाण्याचे बटण दाबून तोच फॉर्म पुन्हा पाठवू नये. नोंद दोनदा पडण्याचे हे सर्वांत मोठे कारण आहे. 'जतन करा' दाबल्यावर विनंती सर्व्हरवर पोहोचते, नोंद होते, आणि उत्तर परत येताना नेट तुटते. आपल्याला दिसतो लॉगिनचा पडदा, पण सर्व्हरवर रक्कम जमा झालेली असते. उलटही घडते: सेशन आधीच गेलेले असल्याने सर्व्हर विनंती फेटाळतो आणि नोंद होतच नाही. पडद्यावरचा संदेश दोन्ही वेळी सारखाच.

म्हणून पुन्हा लॉगिन केल्यावर सर्वांत आधी त्या सभासदाचे खाते आणि आजची रोजकीर्द उघडायची. रक्कम आणि वेळ जुळणारी नोंद आहे का ते पाहायचे. असेल तर तिचाच व्हाउचर क्रमांक पावतीवर घालायचा. नसेल तरच नव्याने भरायचे. कास्तकाराच्या हाती छापील पावती व्हाउचर क्रमांकासह पडावी, आणि त्यानेही खाते-उताऱ्यावर नोंद दिसल्याशिवाय उठू नये. तो त्याचा हक्क आहे.

३१ मार्चच्या संध्याकाळी प्रणाली उघडतच नसेल, तर हाताने पावती फाडून त्यावर तारीख-वेळ घालावी, आलेल्या संदेशाचा फोटो काढावा आणि त्याच दिवशी बँकेच्या निरीक्षकाला व संस्थेच्या अध्यक्षांना लेखी कळवावे. दुसऱ्या दिवशी केलेल्या तोंडी खुलाशापेक्षा त्या दिवशीचा कागद लेखापरीक्षणात जास्त उपयोगी पडतो.

रोजच्या कामात दोन-तीन सवयी पुरतात. लांब पत्रक भरताना पाच-सात रकान्यांनंतर 'मसुदा जतन करा' दाबावे. सातबारा, आठ-अ आणि आकडेमोड आधी कागदावर जुळवून मगच फॉर्म उघडावा. टेबलावरून उठताना विंडोजची कळ आणि 'एल' एकत्र दाबून पडदा बंद करावा. त्याने सेशन तसेच राहते, पण दुसऱ्याचा हात लागत नाही. सेशन जागे ठेवणारी, पान आपोआप रिफ्रेश करणारी ब्राउझरची जोडसॉफ्टवेअरे टाळावीत. ती भरलेला फॉर्म पुसतात, आणि कोणी बनवली हे माहीत नसलेल्या प्रोग्रॅमला आर्थिक पानाचा ताबा देतात.

तक्रार कशी लिहावी?

'सॉफ्टवेअर चालत नाही' असे लिहिलेली तक्रार मदत कक्षात फिरत राहते. तिच्याऐवजी असे लिहिता येईल:

'२४ ते २७ मार्च या चार दिवसांत एकूण ११ वेळा सेशन संपले. ९ वेळा शेवटच्या क्लिकनंतर २० ते २१ मिनिटांनी, कर्ज अर्जाच्या स्क्रीनवर. २ वेळा व्हीपीएन तुटल्यावर लगेच. ब्राउझर क्रोम, संगणकाचे घड्याळ बरोबर, एकच टॅब उघडा. दुसऱ्या संगणकावरही तसेच. २६ मार्चला दुपारी १२.४० ची वसुलीची नोंद दोनदा पडली आहे, व्हाउचर क्रमांक सोबत दिले आहेत. एक नोंद उलटवून द्यावी आणि या स्क्रीनवर मुदतीचा इशारा व मसुदा जतन करण्याची सोय द्यावी.'

सोबत संदेशाचा स्क्रीनशॉट जोडावा, त्यात पत्त्याची पट्टी आणि घड्याळ दिसले पाहिजे. सभासदाचा आधार क्रमांक आणि खाते क्रमांक झाकून टाकावा. पासवर्ड किंवा ओटीपी तक्रारीत लिहू नये, आणि मदत कक्षातून बोलतोय म्हणून फोनवर कोणी मागितला तरी सांगू नये.